भाजीचा रस आणि वजन : ग्लास कशाच्या जागी ठेवायचा?

पहिल्यांदा रस सुरू केला तेव्हा तीन आठवड्यांत माझं वजन पाऊण किलोनं वाढलं. रोज सकाळी दोन सफरचंदं, दोन गाजरं आणि एक बीट ज्युसरमध्ये घालायचे, वर मोठा चमचाभर मध. रंग असा सुरेख की ग्लास हातात घेऊन आधी नुसतं बघत बसावं. त्यानंतर नेहमीचा नाश्ता, नेहमीचं जेवण. संध्याकाळी भूक लागली की स्वतःचीच समजूत घालायची, सकाळी एवढा रस प्यायलाय, दोन घास जास्त गेले तर काय बिघडलं!

काय बिघडलं ते कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर कळलं. त्या ग्लासात दोनशेच्या आसपास कॅलरी होत्या, मधाच्या साठेक वेगळ्या. म्हणजे रोजच्या खाण्यात मी एक छोटा नाश्ता वाढवला होता आणि त्यालाच वजन उतरवण्याचा उपाय म्हणत होते.

चरबी वितळवणारं रसात काहीही नसतं. काकडीत नाही, बीटात नाही, आल्या-लिंबातही नाही. शरीर जेवढं खर्च करतं त्यापेक्षा कमी पोटात गेलं तरच वजन उतरतं. रसाचा उपयोग दोनच गोष्टींसाठी : जास्त कॅलरीची एखादी वस्तू हटवून तिच्या जागी तो ठेवता येतो, आणि ज्यांच्या पोटात भाज्या फारशा जातच नाहीत त्यांच्या पोटात थोड्या जातात. दोन्ही उपयोग खरे आहेत आणि दोन्ही छोटे आहेत.

पायरी १ : आधी जागा ठरवा, मग भाज्या आणा

तीन दिवस जे जे तोंडात जाईल ते लिहून काढा. चव बघायला घेतलेला चमचा, मुलांच्या ताटात उरलेलं, फोनवर बोलता बोलता संपलेली वेफर्सची पुडी, सगळं. तीन दिवसांत एक जागा हमखास सापडते जिथे भूक कमी आणि सवय जास्त असते. माझी होती संध्याकाळी पाचची : दोन चमचे साखरेचा चहा आणि चार बिस्किटं. त्याच्या २०० ते २५० कॅलरी सहज होतात. भाज्यांचा साधा ग्लास ४०-५० कॅलरींचा. सोबत एक उकडलेलं अंडं घेतलं तर आणखी ७०-७५. तरीही रोज शंभरेक कॅलरी वाचतात.

आता हे वाचलेले शंभर किती कामाचे तेही पाहू. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज १०० वाचल्या तर महिन्याला ३,००० म्हणजे, कागदावर तरी, चारशे ग्रॅमच्या आत-बाहेर. एवढंच. रसाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वजन उतरण्याचा सुरक्षित वेग मानला जातो. तिथवर जायचं तर जेवणाचं ताट, चालणं आणि झोप यांकडे वळावं लागतं, रसानं ते भागत नाही.

आणि ज्यांच्या दिवसात हटवण्यासारखं काही सापडलंच नाही, त्यांनी रस करू नये. भाज्या चावून खाव्यात. खरंच सांगते, तेच बरं.

प्यायलेलं पोटाला कळत नाही

हा भाग नीट समजला की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुचतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना जेवणाआधी सफरचंद दिलं : कधी अख्ख्या फोडी, कधी शिजवून केलेला गर, कधी रस. कॅलरी सारख्याच. फोडी खाल्लेल्या दिवशी लोकांचं जेवण, आधी काहीच न घेतलेल्या दिवसापेक्षा १५ टक्क्यांनी कमी झालं. सगळ्यात कमी भूक भागली ती रसानं. गंमत म्हणजे रसात तंतू परत मिसळून दिले तरी फोडींची सर आली नाही. चावणं, तोंडात घोळवणं, पोटात घनपदार्थ जाऊन बसणं, या सगळ्याचा भूक भागण्याशी संबंध आहे.

म्हणून दोन नियम. रस घटाघट ढोसायचा नाही, आणि नुसता प्यायचा नाही, सोबत चावायला काहीतरी हवं. काकडीच्या चार फोडी, मूठभर उकडलेले हरभरे, अंडं, घट्ट दही, यांतलं काहीही. भाजीच्या रसाच्या ग्लासात प्रथिनं जेमतेम एक-दोन ग्रॅम असतात. नुसत्या रसावर काढलेली संध्याकाळ रात्रीच्या ताटात व्याजासकट वसूल होते.

पायरी २ : ज्युसर की मिक्सर?

वजनाचा विचार असेल तर माझं मत मिक्सरच्या बाजूनं. ज्युसर चोथा वेगळा काढून टाकतो आणि त्या चोथ्यासोबत न विरघळणारे तंतू बहुतेक सगळे जातात. मागे राहतं ते पाणी, साखर, क्षार आणि काही जीवनसत्त्वं. मिक्सरमध्ये तंतू बारीक होतात पण राहतात. पेय दाट होतं, हळू प्यायलं जातं. एक आडफायदाही आहे : मिक्सरमध्ये एका ग्लासात मावतील तेवढ्याच भाज्या मावतात. ज्युसरमध्ये अर्धा किलो गाजरं कधी गेली ते कळतही नाही. तेवढी गाजरं चावून खायला सांगितली तर आपण तिसऱ्यालाच हात जोडू.

घरात ज्युसर असेलच तर टाकू नका. निघालेल्या चोथ्यातला दोन-तीन चमचे चोथा परत ग्लासात ढवळा. आणि मिक्सरमधलं दाट पेय घशाखाली उतरत नसेल तर मोठ्या भोकांच्या गाळणीतून गाळा. मलमलच्या फडक्यात पिळून काढू नका, मग त्याचा ज्युसरच झाला.

पायरी ३ : भाज्यांचं गणित

भाज्या तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग पाणीदार भाज्यांचा : काकडी, टोमॅटो, दुधी, सेलरीचे दांडे. काकडीत ९५ टक्क्यांहून जास्त पाणी, १०० ग्रॅमला १५ कॅलरी. टोमॅटो १८. ग्लासाचा निदान दोन तृतीयांश भाग यांनीच भरायचा.

दुसरा ढीग पानांचा : पालक, कोबी, लेट्यूस, पुदिना, कोथिंबीर. कॅलरी नगण्य, पण चव चढते आणि यांचे काही प्रश्न आहेत, ते पुढे सांगते. एका ग्लासाला मूठभर पुरे.

तिसरा ढीग गोड कंदमुळांचा : गाजर (१०० ग्रॅमला ४१ कॅलरी), बीट (४३). यांच्यात वाईट काही नाही, फक्त हात राखून घाला. अर्धं गाजर किंवा बीटाच्या दोन चकत्या रंगाला आणि चवीला भरपूर होतात.

फळ घालायचंच असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत पाव सफरचंद, तेही सालासकट. जीभ सरावली की काढून टाका. मध, साखर, गूळ, खजूर, तयार सिरप बिलकुल नको. जागतिक आरोग्य संघटना ज्या 'मुक्त साखरे'वर मर्यादा घालायला सांगते, त्यात मध आणि फळांच्या रसातली साखरही मोडते. दिवसभराच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. आपण 'नैसर्गिक' म्हणून जिला सूट देतो तीच ही साखर.

दिवसाला किती? माझं उत्तर एक ग्लास, १५० ते २०० मिलि. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा तर फळांचा रस, भाज्यांचा रस आणि स्मूदी सगळं मिळून दिवसाला १५० मिलिवर थांबायला सांगते, आणि कितीही प्यायलं तरी रोजच्या पाच भाजी-फळांपैकी तो एकच धरते. दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं खावीत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रसानं त्यातला एक छोटा कोपरा भरतो, बाकीच्या भाज्या ताटातच यायला हव्यात.

पायरी ४ : एक ग्लास, सावकाश

हे माप दोन ग्लासांचं. एकट्यासाठी निम्मं करा.

काकडी २०० ग्रॅम, पिकलेला टोमॅटो १००, गाजर ५०, पालकाची कोवळी पानं ३० ग्रॅम म्हणजे मोठी मूठभर, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, अर्ध्या लिंबाचा रस, पाव वाटी गार पाणी. सगळं मिळून ८० कॅलरींच्या आसपास, म्हणजे ग्लासाला ४०. गाळलं नाही तर दोन्ही ग्लासांत मिळून चारेक ग्रॅम तंतू.

आधी हात धुवा. मग भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, सोलायच्या असल्या तरी, कारण सुरी सालावरची घाण आत नेते. गाजरावर छोटा ब्रश फिरवा. पालकाची पानं मोठ्या भांड्यात पाण्यात बुडवा, वरचेवर हलवा, आणि पानं वर उचलून घ्या. भांडं कलंडून पाणी ओतायचं नाही, नाहीतर तळाशी बसलेली माती परत पानांवर येते. दोनदा तरी करा. दुसऱ्या पाण्यातही तळाशी करकर लागली तर तिसऱ्यांदा.

काकडीचं टोक कापून चाखा. नेहमीच चाखा, त्याचं कारण खाली येतंय.

मिक्सरच्या भांड्यात आधी टोमॅटो आणि काकडी टाका. गाजर आधी टाकलं तर तुकडे पात्याखाली उड्या मारत राहतात आणि शेवटी दातांत येतात. टोमॅटो-काकडीला पाणी सुटलं की किसलेलं किंवा बारीक कापलेलं गाजर आणि आलं, सगळ्यात शेवटी पालक. सलग दोन मिनिटं फिरवण्याऐवजी तीस-तीस सेकंदांचे तीन फेरे द्या, मधे झाकण काढून कडा खाली लोटा. भांडं गरम होत नाही. सुरुवातीला वर जाड फेस दिसेल, पाच मिनिटांत तो बसतो. लिंबू शेवटी पिळा.

आता चव बघा. पहिल्या दिवशी ती गवतासारखी लागेल, हे मान्य करू. मिरपूड, पुदिना, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट यांनी फरक पडतो. मिठाचा डबा मात्र दूर ठेवा. प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावं, म्हणजे एक चहाचा चमचाही नाही, आणि ते स्वयंपाकातून आधीच गेलेलं असतं. शिवाय जास्त मिठानं शरीर पाणी धरून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी काट्यावर उगाच आकडा वाढलेला दिसतो.

एक छोटी गोष्ट, जिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही : गाजर आणि पालकातलं बीटा-कॅरोटिन (ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवतं) आतड्यात शोषलं जायला थोडी चरबी लागते. म्हणून रसासोबत चार-पाच बदाम किंवा ते उकडलेलं अंडं असलं की काम होतं. वेगळं तेल घालायची गरज नाही.

कधी प्यायचा?

रिकाम्या पोटी, सूर्योदयाला, कोमट करून, असे अनेक मुहूर्त लोक सांगतात. रस कोणत्या वेळी प्यायला यावर कॅलरी बदलत नाहीत. ज्या वेळची वस्तू तुम्ही हटवलीत ती वेळ रसाची. रिकाम्या पोटी लिंबू-टोमॅटोनं जळजळ होत असेल तर सकाळचा हट्ट सोडा. जेवणाआधी घ्यायचा तर पंधरा-वीस मिनिटं आधी, दाट, न गाळलेला घ्या.

कडू लागला तर थुंकून टाका

काकडी, दुधी, झुकिनी, भोपळा या एकाच कुळातल्या भाज्या. त्यांच्यात कधीकधी कुकुर्बिटासिन नावाची द्रव्यं वाढतात आणि भाजी कडूजहर होते. असा रस प्यायल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत उलट्या, जुलाब, पोटात पिळवटणं, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं असे प्रकार होऊ शकतात. दुधीच्या कडू रसानं माणसं दगावलेली आहेत. शिजवूनही ही द्रव्यं जात नाहीत. 'औषध कडूच असतं' हा विचार इथे जिवावर बेततो. कापल्यावर तुकडा जिभेला लावा, कडू लागला तर थुंका आणि अख्खी भाजी फेकून द्या. आले-लिंबू घालून चव झाकू नका. चुकून प्यायला गेला आणि उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत न बसता सरळ रुग्णालय गाठा.

पालकाचे, बीटाचे आणि गोळ्यांचे प्रश्न

पालक आणि बीटात ऑक्झलेट भरपूर असतं. ते कॅल्शियमशी मिळून मूत्रपिंडात खडे करू शकतं. रोज दोन-दोन जुड्या पालक कच्चा वाटून पिणं म्हणूनच शहाणपणाचं नाही. ज्यांना आधी खडे झालेत त्यांनी पालक-बीट रसातून वगळावं. इतरांनी पानं बदलती ठेवावीत : आज पालक, उद्या लेट्यूस, परवा कोथिंबीर-पुदिना. पालक उकळत्या पाण्यातून काढून ते पाणी टाकून दिलं तर ऑक्झलेट बरंच कमी होतं.

वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालेभाज्यांतलं 'के' जीवनसत्त्व तिच्या कामात अडथळा आणतं. अशा वेळी पानांचा रस अचानक सुरू करणं आणि अचानक थांबवणं, दोन्ही धोक्याचं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर टोमॅटो, पालक, बीट यांतल्या पोटॅशियमचा विचार डॉक्टरांनीच करायचा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी एखादं खाणं हटवून रस घ्यायचा ठरवला तर साखर खाली जाऊ शकते, आधी विचारा. गरोदर बाईनं बाहेरचा कच्चा रस टाळावा आणि घरचाही ताजा, नीट धुतलेल्या भाज्यांचाच घ्यावा.

काही गोष्टी मात्र घाबरवतात पण निरुपद्रवी असतात. बीटानंतर काहींची लघवी गुलाबी होते. महिनोन्महिने गाजराचा रस पिणाऱ्यांचे तळहात पिवळट-केशरी दिसू लागतात, गाजर कमी केलं की रंग उतरतो.

करून ठेवायचा का?

शक्यतो नाही. वाटल्या क्षणापासून 'क' जीवनसत्त्व कमी होत जातं, पण खरा प्रश्न जंतूंचा. गाजराच्या रसात आंबटपणा कमी असतो. २००६ मध्ये अमेरिका आणि कॅनडात बाटलीबंद गाजराच्या रसातून बॉट्युलिझमची विषबाधा झाली होती. पुरेसा थंड न ठेवलेला रस हे त्याचं मूळ होतं. घरी करून ठेवणं भागच असेल तर लिंबू पिळा, काचेची स्वच्छ बाटली काठोकाठ भरा, लगेच फ्रीजमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवा आणि २४ तासांत संपवा. टेबलावर दोन तास राहिलेला ग्लास सिंकमध्ये ओता, हळहळ न करता. सकाळची घाई असेल तर रस साठवण्यापेक्षा भाज्या रात्री धुऊन, कोरड्या करून, डब्यात भरून ठेवा. वाटायला मग चार मिनिटं लागतात.

तीन दिवसांचा रस-उपास

'तीन दिवस फक्त रस, तीन किलो कमी' हे खरंही असतं आणि फसवंही. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवतं, प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी. खाणं तुटलं की हा साठा संपतो, पाणी निघून जातं, आतडीही रिकामी होतात. काटा खाली येतो. चौथ्या दिवशी जेवायला बसलात की पाणी परत. मधल्या काळात प्रथिनं न मिळाल्यानं स्नायू झिजतात ते वेगळंच. 'विषद्रव्यं बाहेर टाकणं' हे काम यकृत आणि मूत्रपिंडं बारा महिने बिनबोभाट करत असतात, त्यांना बीटाची वाट बघावी लागत नाही.

पहिले चार आठवडे

पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड एकच ग्लास, ठरवलेल्या जागी. तंतूंची सवय नसेल तर पोट फुगतं, गुरगुरतं, कोबीनं तर नक्कीच. म्हणून सुरुवातीला कोबी नको. दुसऱ्या आठवड्यात रोज. तिसऱ्यात सफरचंद काढा. चौथ्यात खाण्याची नोंद पुन्हा तीन दिवस करा आणि पहिल्या नोंदीशेजारी ठेवून बघा : हटवलेली वस्तू खरंच हटली आहे, की दुसऱ्या वेळी गुपचूप परत आली आहे? माझी बिस्किटं रात्री साडेनऊला सापडली होती.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी. कमरेचं माप पंधरा दिवसांनी, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून. चार आठवड्यांत दोन्ही जागचे हलले नाहीत तर रसाची कृती बदलत बसू नका, चुकलेली गोष्ट ताटात असते.

चोथा उरला असेल तर त्याच दिवशी सूपमध्ये किंवा ऑम्लेटमध्ये घाला. गाजराचा चोथा ऑम्लेटमध्ये छान लागतो, बीटाचा घातला तर घरातल्यांना आधी सांगून ठेवा, रंग बघून एकानं ताट परत केलं होतं. मिक्सरचं भांडं मात्र पिऊन झाल्यावर नव्हे, ग्लासात ओतल्या ओतल्या धुवा. वाळलेला पालक पात्याखालून काढताना पुढच्या दिवशीचा उत्साह निम्मा होतो.